गाडीतून नेलेली मतं

सिटी कौन्सिलच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड आम्ही गेल्या मे महिन्यात हरलो, तो माझ्या गाडीतून मतदानाला गेलेल्या माणसांमुळे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. गाडी माझी होती, ती चालवायची हौस माझी होती आणि चूकही माझीच होती.

इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत येऊन मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. नवरा भूल देणारा डॉक्टर. त्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि त्याच्या मागोमाग मी पुण्याहून आले. लॅबमधल्या कामाचा अनुभव होता, इथल्या परीक्षा दिल्या आणि रक्ताच्या नळ्या तपासायच्या कामाला लागले. आजही तेच करते.

पक्षात मी विचारसरणीमुळे गेले नाही. आमच्या लॅबचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकायचं घाटत होतं, तेव्हा आम्ही सहा जणी हॉस्पिटलच्या गेटवर फलक घेऊन उभ्या राहायचो. येणारेजाणारे मान हलवून पुढे जायचे. थांबला एकच जण. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, उंच, तोंडाने फटकळ. त्याने आमच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मला म्हणाला, "तुझा फलक हॉस्पिटलच्या भिंतीला दिसतोय, लव्ह. भिंतीला मत नसतं. रस्त्याकडे वळव." "लव्ह" इथली जुनी माणसं कोणाही बाईला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो थर्मास आणि दहा माणसं घेऊन आला. तीन आठवडे आला. लॅब हॉस्पिटलकडेच राहिली. मग म्हणाला, आमची मीटिंग महिन्याच्या पहिल्या बुधवारी असते. डावीकडच्या त्या जुन्या पक्षाच्या वॉर्ड शाखेचा तो अध्यक्ष होता. मी गेले. पुढच्या वर्षी त्यांनी मला सेक्रेटरी केलं, कारण मला वेळेवर ईमेल पाठवता येत होते.

मीटिंग एका सोशल क्लबच्या मागच्या खोलीत व्हायची. मी गेले तेव्हा वीसपंचवीस माणसं असायची. अध्यक्ष सांगायचा, त्याच्या तरुणपणी खिडकीबाहेर उभं राहून ऐकायचे लोक. गेल्या वर्षापर्यंत आम्ही पाच जण उरलो होतो: तो, मी, शाळेत शिकवणारी आमची उमेदवार, आणि एक निवृत्त बसड्रायव्हर व त्याची बायको. आणि एक हीटर, ज्याच्याजवळ कोणी बसायचं यावर मात्र अजून खरीखुरी चुरस व्हायची.

आता चूक सांगते.

भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसावर इथे राहणाऱ्या माणसालाही मत देता येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तो हक्क आहे, फक्त नाव नोंदवावं लागतं. आमच्या वॉर्डाच्या टोकाला नवी वसाहत झाली आणि तिथे मराठी घरं भराभर वाढली. पुण्याची, नागपूरची, मुंबईची सॉफ्टवेअरमधली मुलं. सगळी आमच्या मराठी मंडळाची. मी दोन रविवार लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरांत बसले आणि एकेकाचं नाव नोंदवून दिलं. "काकू, खरंच चालतं का? पकडणार नाहीत ना?" असं विचारणाऱ्यांना मी नियम वाचून दाखवला. सगळे खूश झाले. पोहे मिळाले, चहा मिळाला, एका घरी तर साटोऱ्या.

मतदारांची आमची यादी असते. प्रत्येक नावापुढे एक अक्षर: हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा. ते अक्षर दारावर जाऊन, विचारून घालायचं असतं. मतदानाच्या दिवशी मग फक्त "आपल्या" दारांवर जायचं, आठवण करून द्यायची, लागलं तर गाडीने न्यायचं. दुसऱ्यांच्या दारावर जायचं नाही, कारण उगाच त्यांच्या माणसांना आठवण कशाला करून द्या.

त्या वसाहतीतल्या मराठी घरांपुढे मी "आपला" हे अक्षर माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून घातलं. मंडळाची यादी पक्षासाठी वापरायची नाही एवढी अक्कल मला होती, पण पत्ते पाठ होते. कोणालाही विचारलं नाही. नाव मी नोंदवून दिलं, साटोरी मी खाल्ली, म्हणजे मत आपलं.

मतदानाच्या दिवशी पाऊस होता. मी रजा टाकली होती. सकाळी आठपासून वसाहतीतून मतदान केंद्राच्या शाळेपर्यंत फेऱ्या मारत होते. कोणाची गाडी नवऱ्याने नेलेली, कोणाचं बाळ नुकतंच झोपलेलं. प्रत्येकीला बजावत होते, "पासपोर्ट घे, फोटोचं ओळखपत्र लागतं." एक जण तो विसरली म्हणून परत फिरले. गाडीत गप्पा झाल्या त्या शाळांच्या, थंडीच्या, मंडळाच्या नाटकाच्या. मतांचं कोणी बोललं नाही आणि मला ते शिष्टाचाराचं वाटलं. उतरताना सगळे "थँक्यू काकू" म्हणायचे.

मोजणी दुसऱ्या दिवशी एका क्रीडागृहात होती. एकेका केंद्राची पेटी टेबलावर उपडी करतात आणि मतपत्रिका शिक्क्याची बाजू वर ठेवून मोजतात. पक्षांची माणसं टेबलापलीकडून पाहत वहीत रेघा ओढतात. वसाहतीची पेटी माझ्या वाट्याला होती. पहिल्या पन्नास पत्रिकांतच माझ्या लक्षात आलं. आमच्या रकान्यात रेघा ओढायला मला वेळच वेळ होता. मतं एका अपक्षाकडे आणि हिरव्या पक्षाकडे पळत होती. बाकीच्या वॉर्डात आम्ही जेमतेम पुढे होतो. या पेटीतल्या उरलेल्या मतांत आम्ही मागे पडलो आणि बाहेरून आलेल्यांना परत पाठवा म्हणणाऱ्या पक्षाचा माणूस निवडून आला. किती मतांनी? माझ्या गाडीतून गेलेल्या माणसांहून कमी.

अध्यक्ष माझ्या वहीत डोकावला आणि म्हणाला, "या मतदारांना आठवण कोणी करून दिली?"

"मी."

"चांगलं काम झालं. सगळे आले."

घरी आले तेव्हा नवरा शब्दकोडं सोडवत होता. त्याने माझं तोंड पाहून चहा टाकला, पण तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही. "तुझ्या त्या म्हातारमंडळाला आता सन्मानाने मरू दे. रोज तू त्याला सलाइन लावतेस."

"तू त्याचा सभासद आहेस," मी म्हटलं.

"कागदावर."

"कागदावरचेच उरलेत. कागद सांभाळ."

रविवारी नणंदेचा फोन आला. त्या जर्मनीत असतात, यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या गावात, आणि तिथल्या तशाच जुन्या पक्षात पंधरा वर्षं होत्या. मला वाटलं, त्या समजून घेतील.

"अगं, आमच्याकडे पक्षाच्या ऑफिसात आता नखं रंगवायचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "मी परवा तिथेच नखं करून आले. खुर्च्या जास्त चांगल्या आहेत."

"आणि मीटिंग, ताई?"

"हॉटेलच्या कोपऱ्यात. सहा जण येतो, त्यातले दोघे हॉटेलवाल्याचे नातेवाईक. यंदा मी वर्गणीच भरली नाही. तूही सोड आता. हे सगळीकडे चाललंय. एकट्या तुझ्या वॉर्डाचं दुःख नाही ते."

सगळीकडे चाललंय हे मला ठाऊक आहे. प्रत्येक निवडणुकीनंतर पेपरात तो लेख येतो. युरोपभर डावीकडचे जुने पक्ष का आटले: कारखाने गेले, युनियन गेल्या, शिकलेले आणि कामकरी यांची फारकत झाली, स्थलांतराचं काय करायचं ते कोणाला ठरवता येईना. देश बदलतो, लेख तोच असतो. त्यातलं बहुतेक खरं असेल. पण मला त्या लेखांचा सूर आवडत नाही. हवामानाबद्दल लिहावं तसं लिहितात, जणू कोणी काही केलंच नाही, नुसता पाऊस आला. आमच्या वॉर्डात पाऊस आला होता, हे खरं. पण अक्षरं मी घातली होती.

लॅबमध्ये आमचा एक नियम आहे. नळीवर नाव असेल पण तारीख नसेल, तर नमुना फेकून द्यायचा. कितीही मोठ्या डॉक्टरने पाठवलेला असो. आदल्या आठवड्यातल्या रक्तावरून आजचा माणूस कळत नाही. त्या रविवारी फोन ठेवल्यावर मी संपूर्ण वॉर्डाची यादी काढून बसले आणि कोणतं अक्षर कधी घातलं ते शोधत गेले. बहुतेकांची तारीखच नव्हती. ज्यांची होती, त्यांतली काही नऊ वर्षांपूर्वीची. जुन्या गल्ल्यांतली ती घरं "आपली" होती म्हणून तिथे फक्त मतदानाच्या दिवशी जायचं. आणि फक्त मतदानाच्या दिवशी गेल्यावर कोण विचारतं, तुमचं अजून तसंच आहे का? मी एकटी मूर्ख नव्हते. मी शाखेची परंपरा पाळली होती.

सोमवारी कामावरून सुटल्यावर मी वसाहतीत गेले. जिथे साटोऱ्या मिळाल्या होत्या त्याच दारावर. नागपूरचं जोडपं. तो एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, ती घरून कोणाच्या तरी पगारपत्रकांचं काम करते. दार तिने उघडलं आणि माझ्या हातातली वही पाहून तिचा चेहरा पडला.

"काकू, आत या. हा येतोच आहे."

तो आला, बसला आणि गुडघे चोळू लागला. मीच सुरुवात केली. "मत कोणाला दिलंस ते सांगायला तू बांधील नाहीस. आम्हाला का नाही दिलंस, तेवढं सांग."

"काकू, तुम्हाला राग येईल."

"राग येऊन गेला. आता फक्त लिहून घ्यायचंय."

मग तो बोलला. "आम्ही आलो तेव्हा सांगितलं होतं, पाच वर्षांनी कायमचं राहता येईल. त्या हिशेबाने घर घेतलं, पोरगी शाळेत घातली. साडेतीन वर्षं झाल्यावर तुमचंच सरकार म्हणतं, पाच नाही, दहा करू. मधेच नियम बदलायचा? कंपनीने उद्या काढलं तर साठ दिवसांत बॅग भरायची. आणि तुम्ही म्हणता तुमच्या पक्षाला मत दे. का म्हणून?"

"ते मी नाही म्हटलं," मी म्हणाले.

"तेच तर," त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. चहाचा ट्रे हातात होता, पण तिने तो ठेवला नाही. "मंडळाच्या गणपतीला तुम्ही दर वर्षी फोन करता. मागच्या वर्षी आला होतात म्हणजे यंदाही याल, असं कधी धरून चालत नाही. डबा काय आणणार तेही विचारता. आणि मतासाठी नुसती गाडी घेऊन आलात. आम्हाला तर गाडीत बोलायचीही लाज वाटली. इतक्या प्रेमाने नेताय, आणि आम्ही..."

"परतताना तरी चालत जायचं होतं," मी म्हटलं.

ती हसली आणि ट्रे ठेवला. मी लिहून घेतलं. तारीख घातली.

निघताना त्याला म्हटलं, "हे जे तू मला सांगितलंस, ते मला सांगून काही होणार नाही. मीटिंगमध्ये येऊन ठराव मांड. त्यासाठी सभासद व्हावं लागतं."

"म्हणजे तुमच्या पक्षाला शिव्या द्यायला आधी वर्गणी भरायची?"

"फुकट शिव्या देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या कोणी वहीत घेत नाही."

तो विचार करतो म्हणाला. मी धरून चालले नाही.

जूनमध्ये विभागीय ऑफिसचा ईमेल आला. सप्टेंबरच्या वार्षिक सभेला आठ सभासद हजर नसतील तर आमची शाखा बंद करून शेजारच्या दोन वॉर्डांत वाटून टाकणार. सभेआधी दोन महिने सभासद असलेलेच मोजणार. ईमेल सभ्य होता, शेवटी आमच्या अनेक वर्षांच्या सेवेबद्दल आभार होते. मी तो छापून अध्यक्षाकडे नेला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला.

"आभार आधीच मानून टाकलेत," तो म्हणाला. "कारखाना बंद केला तेव्हा असंच पत्र आलं होतं. त्याच्याबरोबर एक पेन होतं. इथे पेनही नाही."

त्याचं वय ऐंशीच्या पुढे. बायको गेलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. महिन्याच्या पहिल्या बुधवारी तो दाढी करतो, हे मला माहीत होतं, कारण इतर दिवशी करत नाही. शाखा गेली असती तर माझा एक बुधवार मोकळा झाला असता. त्याचं काय झालं असतं, ते मी इथे लिहीत बसत नाही. पण मोजायला मी त्याच दिवशी लागले. आम्ही पाच. सहावा माझा नवरा, तो कागद सांभाळून होता. दोन कमी.

जूनच्या अखेरीस नागपूरवाल्याचा मेसेज आला. "दोघांनीही फॉर्म भरला. ठरावाचा मसुदा पाठवतो. काकू, इंग्लिश तपासून द्याल का?" मी तपासला. इंग्लिश माझ्याहून बरं होतं, फक्त शिव्या जास्त होत्या. तीन काढल्या, एक ठेवली.

सभेच्या दिवशी सात वाजता खोलीत सात जण. नवरा शब्दकोडं घेऊन हीटरजवळची खुर्ची पकडून बसला, हीटर बंद असूनही. नागपूरवाल्याची बायको एकटीच आली. "तो बर्मिंगहॅमहून येणाऱ्या ट्रेनमध्ये अडकलाय," ती माझ्या कानात म्हणाली. "अर्धा तास म्हणतोय."

विभागीय ऑफिसातून एक तरुण मुलगी आली होती, चांगली होती बिचारी, हातात यादी. तिने माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

"सुरुवात तरी करू," अध्यक्ष म्हणाला. "गेल्या सभेचं इतिवृत्त."

"ते वाचलं असं धरता येईल ना?" ती म्हणाली.

"या खोलीत आम्ही आता काही धरून चालत नाही," तो म्हणाला आणि मी लिहिलेलं इतिवृत्त शब्दन् शब्द वाचायला लागला. हीटरच्या दुरुस्तीचा विषय त्याने दोनदा वाचला, कारण दुसऱ्यांदा त्याला त्यात दुरुस्ती सुचली. बसड्रायव्हरने त्या दुरुस्तीला दुरुस्ती सुचवली. हे दोघे असं काही करू शकतात हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. नवऱ्याने कोड्यावरून डोकं वर काढून विचारलं, हीटर गॅसचा की विजेचा हे इतिवृत्तात स्पष्ट आहे का? मुलीने घड्याळ पाहिलं. पावणेआठला दार उघडलं आणि नागपूरवाला धापा टाकत आत आला.

"आठ," अध्यक्ष म्हणाला. "इतिवृत्त मंजूर."

मग ठराव आला: आधीच इथे असलेल्यांना जुना पाच वर्षांचाच नियम लागू ठेवावा. नागपूरवाला उभा राहून बोलला. तो बसल्यावर बसड्रायव्हर म्हणाला, "मी विरोधात आहे. माझ्या मुलीला या वॉर्डात घर मिळत नाही. ते कोण ऐकणार? तुम्ही येऊन घर घेता."

"मी घर घेतलं त्यावर कर भरतो," नागपूरवाला म्हणाला. "तुमच्या मुलीला घर मिळत नाही ते माझ्यामुळे की वीस वर्षांत कौन्सिलने बांधली नाहीत म्हणून?"

"कौन्सिलमध्ये आम्हीच होतो," ड्रायव्हरची बायको म्हणाली.

त्यानंतर वीस मिनिटं ते तिघे भांडले. मी इतिवृत्त लिहीत होते आणि माझा हात दुखला. त्या खोलीत इतकं लिहिण्यासारखं कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं. अध्यक्षाने मधे एकदाही हातोडी आपटली नाही. तो ताजी दाढी केलेली हनुवटी चोळत एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होता.

मतं घेतली. ठरावाच्या बाजूने पाच, विरोधात दोन. नवरा तटस्थ राहिला, म्हणाला त्याला दोन्ही बाजूंची भूल उतरायची वाट पाहायची आहे.

ऑफिसची मुलगी हळूच मला म्हणाली, "हे सरकारच्या धोरणाविरुद्ध जातंय. वर कोणी वाचणार नाही."

"मग पुढच्या महिन्यात परत पाठवू," मी म्हटलं. "आता आमची शाखा शाबूत आहे."

तिने यादीवर आठचा आकडा लिहिला, सही केली आणि जाताना म्हणाली, मतदारांची यादी तेवढी अद्ययावत ठेवा.

"जुनी अक्षरं मी छापणार नाहीये," मी सांगितलं. "यादी कोरी निघेल."

"इतक्या वर्षांची माहिती?"

"तारीख नसलेली."

कॉम्प्युटरमधून पुसायचा अधिकार मला नाही. पण छापताना तो रकाना गाळता येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही ती कोरी यादी घेऊन दारोदार निघालो. जोड्या मी लावल्या: बसड्रायव्हर आणि नागपूरवाला एकत्र. दोघांनीही कुरकूर केली. "भांडायचं तर चालता चालता भांडा," मी म्हटलं, "दारावर लोक दोन्ही बाजू विचारतात." नणंदेला फोटो पाठवला. त्यांनी रंगवलेल्या नखाचा अंगठा पाठवला. वर्गणीचं काही बोलल्या नाहीत.

मी अध्यक्षाबरोबर जुन्या गल्लीत गेले. तो गुडघ्यामुळे फाटकापर्यंतच येतो, दारावर मीच जाते. तिसरं घर नऊ वर्षं "आपलं" होतं. दार एका बाईने उघडलं, माझ्याच वयाची, हात पिठाने भरलेले. माझा बिल्ला पाहून म्हणाली, "आज मतदान आहे?"

"नाही. निवडणूक लांब आहे."

"मग काय पाहिजे?"

"आम्ही तुमच्याकडे कधी विचारायला आलो नाही. म्हणून आलोय."

तिने फाटकापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नऊ वर्षांचं सांगू, की फक्त यंदाचं?"

"नऊ वर्षांचं," मी म्हटलं, वही उघडली आणि वर तारीख घातली.